सनद आलीच नाही : फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्रस्मरण

मुलाला वसतिगृहाच्या दारात सोडून जड पावलांनी परतणारे आईबाप आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. मुलाने साहेब व्हावे, त्याच्या खांद्यावर अधिकारपदाची निशाणी यावी, ही त्यांची आस आम्हांस परिचित आहे. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही अशा एका पित्याचे चरित्र निवडले आहे, ज्याने युद्धात पुत्र दिले. मात्र त्यांच्यासाठी अधिकारपदाचे दार उघडेना, तेव्हा तो गप्प बसला नाही.

फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म १८१८ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात गुलाम मातेच्या पोटी झाला. गुलामाला अक्षरओळख करून देणे मालकांना धोक्याचे वाटे. तरीही ते चोरून वाचायला शिकले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी त्यांनी बाल्टिमोरमधून पलायन केले. या पलायनास साहाय्य करणारी अ‍ॅना मरे पुढे त्यांची सहधर्मचारिणी झाली. १८४५ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तर १८४७ साली रॉचेस्टर येथून त्यांनी ‘नॉर्थ स्टार’ हे वृत्तपत्र सुरू केले. गुलामीविरुद्धचा त्यांचा आवाज सातासमुद्रापार पोहोचला.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. कृष्णवर्णीयांच्या हाती शस्त्र द्यावे, असा आग्रह डग्लस यांनी आरंभापासून धरला. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांची मुक्तिघोषणा अमलात आली आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ५४ वी पलटण उभारण्यास घेतली. डग्लस गावोगावी फिरून तरुणांना भरती करू लागले. दुसऱ्यांच्या मुलांना हाक देण्यापूर्वी त्यांनी घरचे दोन पुत्र, लुईस आणि चार्ल्स, पुढे केले.

परंतु या पलटणीतील अधिकारी श्वेतवर्णीयच असणार होते. लुईस सार्जंट मेजर झाला. कृष्णवर्णीयाला त्या वेळी त्याहून वर चढता येत नव्हते. गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर मिळत. कृष्णवर्णीयाला १० डॉलर आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जात. पलटणीने हा अपमानाचा पगार घेण्याचेच नाकारले. शत्रूच्या हाती सापडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकापुढे मृत्यू किंवा पुन्हा गुलामी उभी असे.

१८ जुलै १८६३ रोजी ५४ व्या पलटणीने दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट वॅगनरवर चाल केली. सुमारे ६०० जणांपैकी २५० हून अधिक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. कर्नल रॉबर्ट शॉ धारातीर्थी पडले, लुईस बचावला. हल्ला फसल्यावर वेढा घातला गेला. त्याचे सूत्रधार जनरल गिलमोर हे सैनिकी अभियंते होते. खंदक खणण्याचे आणि तोफांचे मोर्चे बांधण्याचे जीवघेणे कष्ट मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय पलटणींच्या वाट्याला आले. सप्टेंबरात किल्ला पडला. कुदळ त्यांच्या हाती होती. नकाशा आणि हुकूम मात्र दुसऱ्यांच्या हाती होते.

शासनाचे हे मौन असह्य होऊन ऑगस्टच्या आरंभी डग्लस यांनी भरतीचे काम थांबवले. १० ऑगस्ट रोजी ते वॉशिंग्टनला लिंकन यांना भेटले आणि समान वेतन, युद्धकैद्यांना समान संरक्षण व पराक्रमाला बढती या तीन मागण्या मांडल्या. युद्धमंत्री शिफारस करतील त्या सनदेवर सही करण्याची तयारी लिंकन यांनी दर्शविली. युद्धमंत्री स्टँटन यांनी तर खुद्द डग्लस यांनाच अधिकारपद देण्याचा शब्द दिला. त्या शब्दावर विसंबून डग्लस यांनी आपले मासिक बंद केले. कामावर रुजू होण्याचा आदेश आला. सनद काही आली नाही. सनदेवाचून जाण्यास त्यांनी नकार दिला.

१८६४ साली आजारी चार्ल्सला सेवामुक्त करावे, अशी विनंती त्यांनी लिंकन यांना केली आणि ती मान्य झाली. ज्याने पुत्र रणांगणावर पाठवले, त्याने पित्याचे काळीज लपवले नाही. यात आम्हांस कोणताही विरोध दिसत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला. ५४ व्या पलटणीतील स्टीफन स्वेल्स यांना गव्हर्नरांनी सनद दिली. मात्र युद्धखात्याने ती मान्य करेपर्यंत १८६५ चा जानेवारी उजाडला. फेब्रुवारीत डग्लस यांचे जुने सहसंपादक मार्टिन डिलेनी मेजर झाले. त्यांचाही पुत्र ५४ व्या पलटणीत होता. डग्लस २० फेब्रुवारी १८९५ रोजी निवर्तले.

ही कथा आपल्याला परकी नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. सैन्यातील सुभेदाराच्या पुत्राने, बाबासाहेबांनी, महारांना बंद झालेले लष्कराचे दार पुन्हा उघडावे म्हणून पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

पालकहो, मुलासाठी मोठे पद जरूर मागा. डग्लस यांनी ते स्वतःच्या घरापुरते मागितले नाही. दार उघडायचे ते सर्वांसाठी, हा त्यांचा आग्रह होता. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या हाती आज सनद आहे, त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी ते दार धरून ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.