अंध ह्यूबर आणि राणीमाशी

पनवेलहून कर्नाळ्याच्या सहलीला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या ध्यानात किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका राहतो, आणि सुळक्याच्या कड्याला लोंबणारी आग्यामोहोळेही! आपण ती दुरूनच पाहतो आणि जपून पावले टाकीत खाली उतरतो. त्या मोहोळाच्या आत काय चालले असेल, असा प्रश्न डोळस असूनही आपल्याला सहसा पडत नाही. ज्याने या प्रश्नाला उभे आयुष्य वाहिले, तो फ्रांस्वा ह्यूबर मात्र अंध होता.

ह्यूबरचा जन्म 2 जुलै 1750 रोजी जिनीव्हा येथे एका सुखवस्तू घराण्यात झाला. वडील हौशी चित्रकार आणि पशुपक्ष्यांचे चाहते. त्यामुळे निसर्गाची ओढ मुलाला घरातच लागली. पण पंधराव्या वर्षी त्याची दृष्टी मंदावू लागली. पॅरिसच्या वैद्यांनीही हात टेकले. हळूहळू अंधार दाटत गेला.

मारी ल्यूलँ या तरुणीवर त्याचे प्रेम होते. होऊ घातलेल्या अंध जावयाला तिच्या वडिलांचा सक्त विरोध होता. मारीने वाद घातला नाही आणि शब्दही मोडला नाही. कायद्याने स्वतःचा निर्णय घेता यावा म्हणून ती पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबली आणि मग त्याच्याशीच विवाहबद्ध झाली. पुढे जन्मभर ती त्याची वाचक, लेखनिक आणि सोबतीण झाली.

दुसरे डोळे लाभले ते फ्रांस्वा बर्नेन्स या नोकराचे. तो धन्याला पुस्तके वाचून दाखवी. मधमाश्यांविषयीचे ग्रंथ ऐकता ऐकता ह्यूबरला त्यांतल्या विधानांविषयी शंका येऊ लागल्या. तेव्हा दोघांनी स्वतःच पडताळा घ्यायचे ठरवले. ह्यूबरने प्रयोग योजावा, बर्नेन्सने तो करून जे दिसेल ते सांगावे, ह्यूबरने उलटसुलट प्रश्न विचारावेत आणि शंका उरल्यास तोच प्रयोग पुन्हा करावा, असा त्यांचा क्रम असे. यासाठी ह्यूबरने एक नवी मधपेटी तयार करविली. तिच्या चौकटी पुस्तकाच्या पानांसारख्या उघडत. ज्याला पुस्तक वाचता येत नव्हते, त्याने पोळ्याचेच पुस्तक केले!

राणीमाशी फलित कशी होते, हे तोवर कोडेच होते. नरमाश्यांच्या नुसत्या गंधाने ती फलित होते, असे एक मत होते. ह्यूबरने भोके पाडलेल्या डबीत नर कोंडून ती पोळ्यात ठेवली. गंध दरवळला, पण राणी वांझच राहिली. 1788 साली त्याने दाखवून दिले, की राणी पोळ्याबाहेर उडून जाते आणि नराशी तिचे मीलन बाहेरच होते. कामकरी माशीच्या कोवळ्या अळीपासूनही राणी घडवता येते, हे जर्मनीतील शिराखने आधी सांगितले होते. अनेकांना ते पटत नव्हते. ह्यूबरने प्रयोग पुन्हा करून ते खरे ठरवले. जन्माने नव्हे, तर वेगळ्या खाद्याने आणि ऐसपैस घराने राणी घडते. आज मधुपालक कोवळ्या अळ्या कृत्रिम राणीघरांत सोडून हव्या तेवढ्या राण्या वाढवतात, त्याचा पाया हाच आहे.

काही कामकरी माश्याही अंडी घालतात की काय, हे पाहण्यासाठी बर्नेन्सने दोन पेट्यांतली प्रत्येक माशी हातात घेऊन तपासली. त्याला 11 दिवस लागले. डंखांची त्याने पर्वा केली नाही.

एका प्रयोगात पोळ्यात परकी राणी सोडायची होती. मूळची कोणती आणि नवी कोणती, हे ओळखू यावे म्हणून तिच्या पाठीवर रंग लावण्यात आला. राणी हरवल्यावर लगेच परकी राणी आली, तर माश्या तिला घेरून कोंडतात. 24 तास लोटल्यावर मात्र तिला स्वीकारतात, हे या प्रयोगमालेतून कळले. पेटीत नवी राणी देताना मधुपालक आजही हे भान ठेवतात.

1792 साली ह्यूबरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने बर्नेन्सचे श्रेय मोकळ्या मनाने नोंदवले. तो सांगेल तेच सत्य मानावे लागणाऱ्या धन्याने नोकराला मान देऊन आपल्या शास्त्राचा पायाच उघड केला. पुढे बर्नेन्स घरी परतला, तेव्हा पत्नी आणि मुलगा प्येर यांनी त्याची जागा घेतली. प्येरच्या साहाय्याने 1814 साली ग्रंथाची वाढीव आवृत्ती निघाली. मेण फुलांतून गोळा होत नसून माश्यांच्या शरीरात तयार होते, याचा प्रायोगिक पुरावा तीत आहे. 22 डिसेंबर 1831 रोजी लोझान येथे ह्यूबरने देह ठेवला.

आज जगभर राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात. पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा असा पाच वर्षांचा फेरा असतो. वर्षाचा शेवटचा आकडा 1 किंवा 6 असेल तर पांढरा, 2 किंवा 7 असेल तर पिवळा, आणि असेच पुढे. ठिपका पाहिला, की राणीचे वय कळते. तो ठिपका ह्यूबरला स्वतःला कधीच दिसला नाही. तो बर्नेन्सच्या डोळ्यांसाठी होता, आणि त्या डोळ्यांवर ह्यूबरचा विश्वास होता.

मित्रहो, पुढच्या खेपेस कर्नाळ्याला गेलात, तर मोहोळाच्या जवळ जाऊ नका. पण दुरून का होईना, एक प्रश्न तेवढा मनात घेऊन परत या.