स्वप्नात गुरू भेटले आणि घरात वादळ उठलं: संत बहिणाबाईंची गोष्ट आणि आजचं ‘ल्युसिड ड्रीमिंग’

इन्स्टाग्रामवर सध्या एका प्रकारचे रील्स सारखे समोर येतात. जागेपणातून थेट स्वप्नात शिरा, तेही पूर्ण शुद्धीत. पहाटे अलार्म लावा, थोडा वेळ उठून बसा, मग पुन्हा आडवे व्हा, अंग अजिबात हलवू नका, मन मात्र जागं ठेवा. जमलं तर तुम्हाला कळत असतं की हे स्वप्न आहे, आणि तरीही तुम्ही त्यात फिरत असता. याला म्हणतात ल्युसिड ड्रीम. जागेपणातून सरळ आत शिरण्याच्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘वाइल्ड’ असं नाव पडलंय.

कमेंट्समध्ये बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. उडता येतं का? हवं त्या माणसाला भेटता येतं का?

हव्या त्या माणसाला स्वप्नात भेटण्यावरून महाराष्ट्रात एका बाईचं अख्खं आयुष्य फिरलं होतं. साधारण पावणेचारशे वर्षांपूर्वी. तिचं नाव बहिणाबाई. (खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्यांचा काळ १८८० ते १९५१. ही गोष्ट संत बहिणाबाईंची, संत तुकारामांच्या शिष्येची.)

बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा. गाव देवगाव रंगारी, वेरूळपासून फार लांब नाही. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. वयाच्या तिसऱ्या वर्षी लग्न झालं. नवरा गंगाधर पाठक, शिऊरचा, वय तीस, पहिली बायको वारलेली. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे वाचताना आपल्यालाच जड जातं.

बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना घरात कर्जाचा आणि भाऊबंदकीचा त्रास इतका वाढला की सगळ्यांनी गाव सोडलं. आईवडील, जावई, मुलगी, सगळेच. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करत हे कुटुंब कोल्हापूरला पोहोचलं. तोवर त्या अकरा वर्षांच्या झाल्या होत्या. हे सगळं आपल्याला कळतं ते त्यांच्याच अभंगांमुळे. आपलं आयुष्य त्यांनी ‘आत्मनिवेदना’त क्रमाने सांगून ठेवलंय. सतराव्या शतकातल्या मराठी बाईने स्वतःबद्दल असं लिहिणं फार दुर्मीळ.

वासरू, कीर्तन आणि मार

कोल्हापुरात हिरंभट नावाच्या वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी त्यांना आसरा मिळाला. हिरंभटांना दानात एक कपिला गाय आणि वासरू मिळालं होतं, ते त्यांनी गंगाधरला दिलं. वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्या जातील तिथे ते मागे. पाण्याला गेल्या तरी, कीर्तनाला गेल्या तरी.

त्या दिवसांत जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तनं कोल्हापुरात चालू होती. त्यात तुकारामांची पदं म्हटली जायची. एकदा गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं. ते हंबरायला लागलं, इकडे बहिणाबाईही रडायला लागल्या. जयरामस्वामींनी वासराला आत आणवलं आणि दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

झालं. गावभर बोभाटा. नवऱ्याला हे सहन झालं नाही. त्याने बहिणाबाईंना इतकं मारलं आणि बांधून ठेवलं की गाय-वासरानेही चारा सोडला, असं त्या सांगतात. पुढे ते वासरू मेलं. त्या धक्क्याने बहिणाबाई पडल्या त्या काही दिवस उठल्याच नाहीत. घरच्यांना वाटलं, आता ही काही वाचत नाही.

शरीर निपचित, पण आत काहीतरी चालू होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांना एकच ध्यास लागला, तुकारामांचा. कीर्तनात ऐकलेली त्यांची पदं मनात घोळत होती. तुकाराम देहूला, या कोल्हापुरात. भेट होण्याची शक्यता शून्य. नवऱ्याच्या परवानगीशिवाय घराबाहेर पडणंच शक्य नव्हतं, आणि ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र मानल्या गेलेल्या माणसाला गुरू करणं तर विचारूच नका.

सात दिवस हा ध्यास चालला. मग कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकाराम स्वप्नात आले. डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र दिला. तिथी आणि वार बहिणाबाईंनी स्वतः नोंदवून ठेवलाय.

गंमत बघा, खुद्द तुकारामांना गुरूपदेश कुठे मिळाला होता? स्वप्नातच. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी बाबाजी चैतन्य स्वप्नात आले आणि मंत्र देऊन गेले. म्हणजे प्रत्यक्ष भेट न होता, मधल्या कुणाच्याही परवानगीशिवाय, गुरू करता येतो हे बहिणाबाईंच्या समोर उदाहरण होतंच. वारकरी परंपरेत स्वप्नाची दीक्षा ही दुय्यम दीक्षा नव्हती.

मग हे ल्युसिड ड्रीम होतं का?

इथे थोडं थांबून विज्ञान काय म्हणतं ते बघू.

‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रूढ केला तो फ्रेडरिक फान एडन या डच डॉक्टर-लेखकाने, १९१३ च्या निबंधात. त्याने वर्षानुवर्षं स्वतःची स्वप्नं लिहून ठेवली होती आणि त्यातली ३५२ या प्रकारची होती. त्याने आणखी एक प्रकार नोंदवला होता: माणूस खूप दमलेला असताना झोपेच्या अगदी सुरुवातीला पडणारं स्वप्न, ज्यात जागेपणाची आठवण मध्ये तुटतच नाही. आजच्या ‘वाइल्ड’च्या सगळ्यात जवळचं वर्णन हेच.

तरीही कित्येक वर्षं शास्त्रज्ञ म्हणत होते, झोपलेल्या माणसाला शुद्ध कशी असेल? मग १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अॅलन वर्स्ली या स्वयंसेवकावर प्रयोग केला. स्वप्नात शरीर लुळं पडलेलं असतं, पण डोळे हलतात. वर्स्लीने स्वप्नातून ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि यंत्रावर ती उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं आणि शिकण्याच्या पद्धतीही बांधल्या.

ठळक स्वप्नं बहुतेक ‘रेम’ झोपेत पडतात. रात्री झोपल्यावर ही अवस्था यायला साधारण दीड तास लागतो, आणि पहाटेकडे तिचा वेळ वाढत जातो. म्हणून रील्समध्ये पहाटेचा अलार्म. चार-पाच तास झोप झाल्यावर उठून पुन्हा पडलं की मेंदू रेममध्ये लवकर शिरतो. त्या उंबरठ्यावर डोळ्यांपुढे रंग, चेहरे दिसतात, कुणी हाक मारल्यासारखं ऐकू येतं. हा उंबरठा आपल्याला नवा नाही. रात्रीच्या लोकलमध्ये घाटकोपर ते मुलुंड डुलकी लागते, कुणीतरी नावाने बोलावल्याचा भास होतो आणि मान झटका देऊन जागी होते, तेव्हा आपण तिथेच असतो. ‘वाइल्ड’ करणारा फक्त तिथून परत फिरत नाही, लक्ष न सोडता पुढे जातो.

यात एक धोका सांगायला हवा, कारण रील्सवाले सांगत नाहीत. शरीर लुळं पडतं आणि मन जागं असतं, तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं, खोलीत कुणी उभं असल्यासारखं वाटू शकतं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. ते आपोआप सुटतं, पण घाबरवून सोडतं. रोज झोप मोडून हा उद्योग केला तर दिवसाची वाट लागते ती वेगळीच. झोपेचा किंवा मनाचा त्रास आधीच असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या नादी लागू नये.

आता बहिणाबाईंकडे परत. त्या स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ असं त्यांना कळत होतं का? त्या अर्थाने ते ल्युसिड ठरवायला त्यांच्या अभंगांत आधार नाही, आणि उगाच त्यांना ‘भारतातली पहिली ल्युसिड ड्रीमर’ वगैरे करू नये. पण एका गोष्टीवर लक्ष टिकवत झोपेत जाणं आणि तेच स्वप्नात उतरणं, हे आजच्या पद्धतींच्या बरंच जवळचं आहे. पतंजलीच्या योगसूत्रातही स्वप्नातल्या ज्ञानाचा आधार घेऊन चित्त स्थिर करता येतं असं आलंय. आजचा डॉक्टर मात्र आधी मारहाण, उपवास आणि दुःख यांची नोंद घेईल. आणि ते बरोबरच आहे.

स्वप्नाची किंमत

खरी अडचण जाग आल्यावर सुरू झाली. बातमी पसरली, लोक बहिणाबाईंना बघायला यायला लागले. नवरा आणखी पेटला. वेदविद्येवर पोट असलेल्या माणसाच्या बायकोने स्वप्नात शूद्र गुरू केला आणि लोक तिच्याच पाया पडतायत! बायको गरोदर होती, तरी तिला माहेरच्यांच्या गळ्यात टाकून आपण तीर्थाला निघून जायचं असं त्याने ठरवलं. पण निघायच्या आधीच तो तापाने अंथरुणाला खिळला. सगळी सेवा बहिणाबाईंनीच केली. आजारात त्याला वाटलं की तुकारामांची निंदा केल्याचं हे फळ. बरा झाला आणि स्वतःच म्हणाला, चला देहूला.

वासरू गेलं होतं, गाय सोबत होती. देहूत त्यांनी तुकारामांना पाहिलं. स्वप्नात पाहिलं होतं तसेच ते दिसले, असं त्या सांगतात.

देहूतही सुख नव्हतं. तिथल्या मंबाजी गोसावीला हे ब्राह्मण कुटुंब आपलं शिष्य व्हायला हवं होतं. नकार मिळाल्यावर त्याने छळ मांडला, त्यांची गाय पळवून बांधून मारली, आणि ब्राह्मण लोक शूद्राच्या पाया पडतात अशी तक्रार पुण्याला आपाजी गोसावींकडे पाठवली. बहिणाबाई हटल्या नाहीत. त्यांची मुलगी काशीबाई देहूतच जन्मली.

पुढे त्यांनी ‘वज्रसूची’ हा जातीने ब्राह्मण ठरतो का असा थेट प्रश्न विचारणारा संस्कृत ग्रंथ मराठी अभंगांत आणला. ज्या भांडणात त्यांचा संसार मोडता मोडता वाचला, त्याच भांडणावरचा हा ग्रंथ. माझ्या मते त्यांच्या चमत्कारांपेक्षा या कामाबद्दल जास्त बोललं जायला हवं. १९२९ मध्ये जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचं आत्मचरित्र आणि अभंग इंग्रजीत आणले, त्यामुळे परदेशातल्या अभ्यासकांना त्या माहीत आहेत. आपल्याकडे मात्र नाव घेतलं की आधी दुसऱ्या बहिणाबाई आठवतात.

तुकाराम गेल्यानंतर बहिणाबाईंनी अठरा दिवस उपवास केला आणि त्यांना पुन्हा तुकारामांचं दर्शन झालं, असं त्या सांगतात. नंतर कुटुंब शिऊरला परतलं. मरण जवळ आलंय हे ओळखून त्यांनी मुलगा विठोबाला बोलावून घेतलं आणि आपले आधीचे बारा जन्म त्याला एकेक करून सांगितले. १७०० साली घटस्थापनेच्या दिवशी त्या गेल्या, वय ७२. त्यांची समाधी शिऊरला आहे, वैजापूर तालुक्यात.