सादिकैन : कातिबांच्या घराण्यातला चित्रकार

गालिब, इक्बाल, फैज ही नावं उर्दू न येणाऱ्यालाही माहीत असतात. पण या तिघांचे शेर रंगरेषांत उतरवणाऱ्या, शिवाय स्वतः रुबाया लिहिणाऱ्या सादिकैन यांचं नाव आपल्याकडे, विशेषतः मराठी बोलणाऱ्या मुस्लिमांमध्ये, फारसं कानावर येत नाही. नव्या पिढीला या कलावंताची ओळख व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

सय्यद सादिकैन अहमद नक्वी यांचा जन्म १९३० साली आजच्या उत्तर प्रदेशातल्या अमरोह्यात झाला. घराण्यात खत्ताती, म्हणजे सुलेखन, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्या काळी उर्दू पुस्तक असो की वर्तमानपत्र, प्रत्येक ओळ कातिब हाताने लिहायचा आणि मग ती छापली जायची. बोरूची कत कशी कापायची, अक्षराची उंची नुक्त्याने कशी मोजायची, हे या घरांतली मुलं खेळता खेळता शिकत. सादिकैन यांनीही तरुणपणी दिल्लीत आकाशवाणीत मजकूर उतरवून काढण्याचं काम केलं. पुढे १९४८ साली आग्रा विद्यापीठातून ते बी. ए. झाले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले.

१९५०च्या दशकाच्या शेवटी ते कराचीजवळच्या गडानी इथं समुद्रकिनारी राहिले. तिथल्या उजाड जमिनीत उगवणारं निवडुंग त्यांच्या मनात घर करून बसलं. पाणी नाही, माती नाही, तरी सरळ वर जाणारं ते झाड. त्यात त्यांना कष्टकरी माणूस दिसला आणि कूफी लिपीतली उभी अक्षरंही दिसली. झाड, माणूस आणि अक्षर या तिघांचा आकार एकच होऊ शकतो, ही गोष्ट त्यांच्या हाती लागली ती इथं. पुढच्या चित्रांमधली माणसं काटेरी, उंच आणि ताठ आहेत ती त्यामुळेच.

१९६१ साली पॅरिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं आणि जगाने दखल घेतली. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांच्या गाजलेल्या कादंबरीसाठी त्यांनी चित्रं काढली. कराचीच्या स्टेट बँकेत सॉक्रेटिसपासून इक्बाल आणि आइनस्टाइनपर्यंतच्या विचारवंतांचं भलंमोठं भित्तिचित्र केलं. १९६७ साली मंगला धरणावर मजुरांच्या श्रमाची गाथा रंगवली, तर १९७३ साली लाहोर म्युझियमचं छत.

पण आम्हाला त्यांचं खरं मोठेपण दिसतं ते शब्द आणि चित्राच्या जोडणीत. एक उदाहरण पाहा. उर्दूत ‘सर-ब-कफ’ म्हणतात, मराठीत आपण ‘तळहातावर शिर घेऊन’ म्हणतो. बोलताना आपण हे सहज बोलून जातो. सादिकैन यांनी ते जसंच्या तसं कागदावर काढलं. धडावर डोकं नाही, आपलंच डोकं हातात धरलंय, आणि तो माणूस म्हणजे स्वतः चित्रकार! ही चित्रं पाहिली की झिजून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार पुन्हा अंगावर येतो.

रुबाईतही तेच. रुबाई चार ओळींची असते. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यमकात बांधलेली, तिसरी सहसा मोकळी. सादिकैन रुबाई स्वतः रचायचे, स्वतःच्या हाताने लिहायचे आणि तिचं चित्रही स्वतःच काढायचे. शायर, कातिब आणि मुसव्विर अशी तीन माणसांची कामं एकच माणूस करत होता. त्यामुळे कविता कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होतं, हे सांगणं अवघड होतं.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस ते कुरआनच्या आयतींकडे वळले. सूरह रहमानवरची त्यांची मालिका विशेष गाजली. या सूरहमध्ये ७८ आयती आहेत आणि अल्लाहच्या नेमतींची आठवण करून देणारा एकच प्रश्न त्यात ३१ वेळा येतो. पाठ करणाऱ्याला ती लय कानाने कळते, सादिकैन यांनी ती डोळ्यांना दाखवली. त्यांच्या मानवी आकृत्यांवर आक्षेप घेणारे लोक होते, टीकाही झाली. त्यांनी ना आकृत्या सोडल्या, ना आयती.

१९८१ साली ते भारतात आले. अलीगढ, बनारस, हैदराबाद आणि दिल्लीत त्यांनी भिंती रंगवल्या. ते चित्रं विकत नसत, वाटून टाकत. माणसांना, संस्थांना, मागेल त्याला. लग्न केलं नाही, संपत्ती जमवली नाही. शेवटचं काम होतं कराचीच्या फ्रियर हॉलचं छत. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रियर यांच्या नावाची ही इमारत. ‘अर्ज-ओ-समावात’ म्हणजे पृथ्वी आणि आकाश, असा त्या छताचा विषय. ते अपुरं ठेवूनच १० फेब्रुवारी १९८७ रोजी त्यांचं निधन झालं. छत आजही तसंच अपुरं आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या घराघरांत भिंतीवर सोनेरी चौकटीत आयती टांगलेल्या असतात. पण त्यातलं किती आपल्याला वाचता येतं? मुलं उर्दूचे शेर मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहितात. तख्तीवर मुलतानी माती लावून सराव करणं तर आता आठवणीतच उरलंय. आम्ही शिक्षक मंडळीही खुशखतीचा तास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी वापरून टाकतो. अक्षर वाचता आलं नाही तर ते नुसती नक्षी होऊन बसतं. सादिकैन यांनी अक्षराचं चित्र केलं खरं, पण वाचणाऱ्यासाठी केलं.

म्हणून पालकांना आमची एक विनंती आहे. या सुट्टीत मुलांच्या हाती एक कतीचा कलम द्या. उर्दू येत नसेल तर मराठी चालेल, देवनागरीलाही सुंदर वळण आहे. एखादा आवडता शब्द मोठा करून लिहायला सांगा आणि त्यात त्यांना काय दिसतं ते विचारा. ‘झाड’ लिहिताना कुणाला फांदी दिसेल, ‘अलिफ’ लिहिताना कुणाला उभा माणूस. सुरुवात एवढ्यावरूनही होते.

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो, आमीन.