आंरी फांतँ-लातूर

आंरी फांतँ-लातूर (१४ जानेवारी, इ.स. १८३६, ग्रेनोबल, फ्रान्स - २५ ऑगस्ट, इ.स. १९०४, ब्युरे, फ्रान्स) हे फुलांची तैलचित्रे आणि साहित्यिक-कलावंतांची समूहचित्रे यांसाठी प्रसिद्ध असलेले फ्रेंच चित्रकार होते.

जीवन

चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी वडील तेओदोर यांच्याकडे घेतले. इ.स. १८४१ मध्ये हे कुटुंब पॅरिसला आले. तेथे लकॉक द ब्वाबोद्राँ यांच्याकडे त्यांनी स्मरणातून चित्र रेखाटण्याची शिस्त आत्मसात केली. एकोल दे बोझारमध्ये ते फार काळ टिकले नाहीत. लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करणे हीच त्यांची खरी शाळा, आणि उपजीविकाही. इ.स. १८५९ मध्ये पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनाने त्यांची चित्रे नाकारली. त्याच वर्षी मित्र व्हिसलर यांच्या निमंत्रणावरून ते इंग्लंडला गेले.

फुलांची चित्रे

वकिली सोडून एचिंगकडे वळलेले एडविन एडवर्ड्स व त्यांच्या पत्नी रूथ यांनी फांतँ-लातूर यांच्या पुष्पचित्रांना इंग्लंडमध्ये ग्राहक मिळवून दिले. मायदेशात मात्र या चित्रांची फारशी ओळख नव्हती. माने व मोने यांच्याशी स्नेह असूनही इ.स. १८७४ च्या पहिल्या दृक्‌प्रत्ययवादी प्रदर्शनात त्यांनी भाग घेतला नाही. उघड्यावरच्या बदलत्या प्रकाशापेक्षा त्यांना चित्रशाळेतला स्थिर प्रकाश मानवे. करड्या किंवा तपकिरी पार्श्वभूमीवर ठेवलेल्या गुलाबांना ते प्रतीकांचे ओझे देत नाहीत. पाकळीचा पोत आणि कोमेजण्याआधीची ताजी अवस्था एवढेच पाहतात.

त्यांच्या समूहचित्रांतही फुलांनी एकदा माणसाची जागा घेतली. टेबलाचा कोपरा (इ.स. १८७२) या चित्रात व्हर्लेन व रँबो यांच्यासह अनेक कवी आहेत. त्यांच्या पंगतीत बसण्यास कवी आल्बेर मेरा यांनी नकार दिला, तेव्हा चित्रकाराने त्यांच्या जागी फुलझाडाची कुंडी रंगवली. हे चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील गुलाबांची परडी (इ.स. १८९०) हे त्यांचे चित्र इ.स. १९८३ मध्ये न्यू ऑर्डर या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर वापरले गेले.

पत्नी व्हिक्टोरिया द्युबूर याही पुष्पचित्रकार होत्या. दोघांची भेट लूव्रमध्ये प्रतिकृती करतानाच झाली होती. उन्हाळा ते ब्युरे येथील तिच्या कुटुंबाच्या घरी घालवीत. पतीच्या मृत्यूनंतर व्हिक्टोरिया यांनी त्यांच्या समग्र चित्रांची सूची तयार केली, ती इ.स. १९११ मध्ये प्रसिद्ध झाली.