प्राध्यापक आंबेडकर

तुमच्या घरातील तसबिरीत बाबासाहेब कोट घालून, हाती ग्रंथ घेऊन उभे असतील. घटनेचे शिल्पकार म्हणून तुम्ही त्यांना ओळखता, धम्मदीक्षा देणारे म्हणून वंदन करता. पण हेच बाबासाहेब मुंबईच्या एका सरकारी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते, हे तुमच्या मुलांना ठाऊक आहे काय?

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. पगार दरमहा ४५० रुपये, वय अवघे सत्तावीस. अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकवणार, म्हणून विद्यार्थ्यांनी सुरुवातीला त्यांना मनावर घेतले नाही. पण त्यांचा व्यासंग असा, की पुढे दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीसुद्धा परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच कॉलेजात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. पोरे त्यांची विद्या घ्यायला धावत होती आणि शिकलेसवरलेले प्राध्यापक पाण्यावरून अडून बसले होते! यात अडाणी कोण, ते तुम्हीच ठरवा.

त्या काळी मुंबई विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारे खाते. नेमलेले पुस्तक वाचायचे, टाचणे पाठ करायची, पेपरात ओतायची. बाबासाहेबांचे शिक्षण निराळ्या रीतीने झाले होते. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकले. तेथे १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि जमाखर्चावर.

ही दृष्टी कशी होती, ते १९१८ सालच्या त्यांच्या निबंधावरून कळते. शेतीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब, तेव्हा तुकडे जोडा, असे त्या वेळचे जाणते लोक सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून कसे ठरेल? तुम्ही खेड्यातले असाल तर हे लगेच उमजेल. ज्याच्या दावणीला बैल नाही, घरात नांगर नाही, त्याला आहे तेवढी जमीनही झेपत नाही. जमिनीच्या मानाने माणसे फार आणि भांडवल थोडे, हे खरे दुखणे. रिकामे हात खातात, पण पिकवीत नाहीत. म्हणून त्यांनी उपाय सांगितला तो उद्योगधंदे वाढवण्याचा.

मार्च १९२० मध्ये राजीनामा देऊन ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला. त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांची. प्रस्तावनेत या गुरूंनी शिष्याची बरीच मते आपल्याला पटत नाहीत असे स्पष्ट लिहिले, आणि त्याच्या ताज्या विचारांचे कौतुकही केले. आपल्याकडे गुरूला उलट बोललेले चालत नाही. तिथे मतभेद असूनही गुरूने शिष्याच्या ग्रंथाला आपले नाव दिले.

१९२४-२५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती बसली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला लेखी मते कळवली. विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घेऊ नयेत, शिकवावे आणि संशोधन करावे. विद्यार्थ्यांच्या डोक्यात माहिती कोंबण्यापेक्षा त्यांची स्वतःची बुद्धी जागी करावी. मोठमोठ्या लेखकांचे ग्रंथ त्यांना पारखून वाचायला लावावेत, अधूनमधून मूळ कागदपत्रांपर्यंत न्यावे. पदवीचे आणि पदव्युत्तर शिक्षण एकमेकांपासून तोडू नये, हाही त्यांचा आग्रह होता.

तुमची मुलगी वा मुलगा अर्थशास्त्र घेऊन कॉलेजात जात असेल, तर शेतीच्या तुकड्यांवरचा तो निबंध त्याच्या हाती द्या. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे. निबंध इंग्रजीत आहे, पण फार लांब नाही. वाचून झाल्यावर रात्री जेवताना त्यातले काय पटले आणि काय नाही, तेही विचारा.