चार्ल्स शुल्झ आणि हरणारा चार्ली ब्राऊन

बालपण म्हणजे आयुष्यातील सर्वांत सुखाचा काळ, अशी प्रौढांची एक आवडती समजूत आहे. तिला बालकांची संमती आहे काय, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. अमेरिकी व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी ही समजूत कधीच मान्य केली नाही. २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वृत्तपत्रांतून त्यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० रोजी संपली. या अवधीत त्यांनी तिचे १७,८९७ भाग काढले. तिचा नायक चार्ली ब्राऊन हा वाटोळ्या डोक्याचा मुलगा. त्याचा बेसबॉलचा संघ सतत हरतो, त्याचा पतंग एक झाड गिळून टाकते, आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी त्याची टपालपेटी रिकामीच राहते. तरीही अखेरच्या वर्षांत ही मालिका पंचाहत्तर देशांतील सव्वीसशेंहून अधिक वृत्तपत्रांत छापली जात होती. अपयशाची ही कथा जगाला एवढी आपली का वाटावी, याचा उलगडा बऱ्याच अंशी शुल्झ यांच्या चरित्रातूनच होतो.

त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२२ रोजी मिनेसोटा राज्यातील मिनिॲपोलिस येथे झाला आणि बालपण शेजारच्या सेंट पॉल शहरात गेले. वडील जर्मनीतून आलेले; त्यांचे स्वतःचे केशकर्तनालय होते. चार्ली ब्राऊनचे वडीलही न्हावीच दाखविले आहेत, हा योगायोग नव्हे. दर रविवारी पितापुत्र वृत्तपत्रांतील चित्रमालिका एकत्र वाचीत. अभ्यासात पुढे असल्यामुळे प्राथमिक शाळेत त्यांना वरच्या वर्गात ढकलण्यात आले, आणि वर्गातील सर्वांत लहान व सर्वांत बुजरा मुलगा ही त्यांची ओळख तेव्हापासून पक्की झाली. हुशारीचे बक्षीस शिक्षेसारखे भोगावे लागते, हे शाळेत नेहमीच घडत असते. पुढे माध्यमिक शाळेच्या वार्षिक अंकासाठी दिलेली त्यांची चित्रे छापलीच गेली नाहीत. जगप्रसिद्ध झाल्यावरही शुल्झ हा प्रसंग विसरले नाहीत.

१९४३ च्या आरंभी, विसाव्या वर्षी, ते सैन्यात भरती झाले. त्याच सुमारास कर्करोगाने त्यांच्या आईचा अंत झाला, आणि अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत त्यांना केंटकीतील छावणीकडे जाणाऱ्या गाडीत बसावे लागले. शोक करण्यास सवडच मिळाली नाही. युद्धाच्या अखेरीस ते युरोपात मशीनगनच्या तुकडीचे प्रमुख होते. परंतु युद्धापेक्षा आईच्या वियोगाची जखमच त्यांना आयुष्यभर अधिक सलत राहिली.

परतल्यावर पत्रद्वारा चित्रकला शिकविणाऱ्या ज्या संस्थेत ते स्वतः शिकले होते, तेथेच त्यांना विद्यार्थ्यांचे काम तपासण्याची नोकरी मिळाली. चार्ली ब्राऊन आणि लायनस ही नावे तेथील सहकाऱ्यांची. तेथेच हिशेब विभागातील एका लाल केसांच्या तरुणीवर त्यांचे मन जडले. १९५० साली त्यांनी तिला मागणी घातली. तिने नकार देऊन दुसऱ्याशी लग्न केले. अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये, मालिकेत लाल केसांच्या मुलीचा उल्लेख आला. डबा खाताना चार्ली ब्राऊन तिच्याकडे दुरून पाहतो, बोलण्याचे धैर्य गोळा करतो, आणि तेवढ्यात मधली सुटी संपते. तिचा चेहरा शुल्झ यांनी वाचकांना कधीच दाखविला नाही. मालिकेच्या नावाची गोष्टही अशीच. ‘पीनट्स’ हे नाव वितरण संस्थेने लादले. इंग्रजीत शेंगदाणे म्हणजे चिल्लर, क्षुद्र वस्तू. आपल्या कामाला असे नाव मिळाल्याचा राग शुल्झ यांच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही.

या मालिकेत प्रौढ माणसे दिसत नाहीत, पण प्रौढांची दुःखे मात्र आहेत. ल्युसी ही दांडगट मुलगी सरबताच्या टपरीसारखी टपरी थाटून पाच सेंटमध्ये मानसोपचार करते. तिचा धाकटा भाऊ लायनस धर्मग्रंथांवर प्रवचन देऊ शकतो, पण त्याच्या हातचे पांघरूण काढून घेतले की त्याला घेरी येते. भोपळ्यांच्या मळ्यातून प्रकट होणाऱ्या महाभोपळ्याची तो हॅलोवीनच्या रात्री दरवर्षी वाट पाहतो. महाभोपळा येत नाही, लायनसची श्रद्धाही ढळत नाही. श्रोडर खेळण्यातल्या पियानोवर बेथोवन वाजवितो. त्या पियानोला टेकून बसलेल्या ल्युसीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. सारांश, येथे प्रत्येकाचे प्रेम दुसऱ्याच कोणावर आहे.

यांतील सर्वांत प्रसिद्ध विनोद फुटबॉलचा. ल्युसी जमिनीवर चेंडू धरते, चार्ली ब्राऊन धावत येऊन लाथ मारतो, आणि ऐन क्षणी ती चेंडू काढून घेते. तो हवेत उडून पाठीवर आदळतो. १९५२ पासून बहुधा दर शरद ऋतूत हे घडत राहिले. कीर्तनातील आख्यानाचा शेवट श्रोत्यांना ठाऊकच असतो, तरी ते बुवांच्या तोंडून तो पुन्हा ऐकावयास बसतात. येथेही तसेच होते. चार्ली ब्राऊन पडणार हे ठरलेले. या वेळी त्याचे मन कोणत्या युक्तीने वळविले जाते, एवढेच पाहायचे असे. कधी ल्युसी शपथ घेते, कधी कागदावर सही करून देते, कधी माणुसकीवरील विश्वासाचे तत्त्वज्ञान सांगते. हा विनोद क्रूर आहे, हा आक्षेप खोटा नाही. मात्र चार्ली ब्राऊन मूर्ख आहे म्हणून धावत येतो, असे मानणारा वाचक अर्धेच चित्र पाहतो. फसविले जाणार हे त्यालाही कळते. विश्वास ठेवणे त्याला सोडवत नाही, एवढाच त्याचा दोष.

कीर्तीने शुल्झ यांना संपत्ती भरपूर दिली. स्नूपी हा चार्ली ब्राऊनचा कुत्रा कल्पनेने वैमानिक झाला, आणि मे १९६९ मध्ये अपोलो-१० मोहिमेतील दोन यानांना चार्ली ब्राऊन आणि स्नूपी अशी नावे मिळाली. खेळणी, कपडे, शुभेच्छापत्रे यांचा महापूर आला. बाजाराला स्नूपी अधिक आवडला आणि उत्तरकाळातील मालिका काहीशी मवाळ झाली, असे म्हणणे भाग आहे. स्वतः शुल्झ मात्र अस्वस्थच राहिले. प्रवासाची त्यांना धास्ती वाटे आणि उदासीनतेने त्यांची पाठ सोडली नाही.

त्यांच्या बुजरेपणाची खरी कसोटी १९६८ साली लागली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अकरा दिवसांनी हॅरिएट ग्लिकमन या लॉस एंजेलिसच्या शिक्षिकेने त्यांना पत्र लिहून मालिकेत कृष्णवर्णीय मूल आणण्याची विनंती केली. शुल्झ कचरले. आपण उपकाराचा आव आणीत आहोत असे कृष्णवर्णीय वाचकांना वाटेल, ही त्यांची भीती होती. ग्लिकमन यांनी तेवढ्यावर न थांबता आपल्या कृष्णवर्णीय मित्रांची मते त्यांच्याकडे पाठविली. ३१ जुलै १९६८ रोजी समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा हरवलेला चेंडू घेऊन फ्रँकलिन नावाचा मुलगा आला, आणि दोघे वाळूचा किल्ला बांधू लागले. कोणतीही घोषणा नाही, उपदेश नाही. फ्रँकलिनला गोऱ्या मुलांबरोबर वर्गात बसविल्याबद्दल दक्षिणेकडील एका संपादकाने तक्रार केली. वितरण संस्थेचे प्रमुखही साशंक होते. काढले तसे छापा, अन्यथा मी काम सोडतो, असे शुल्झ यांनी त्यांना बजावले. फ्रँकलिन हे पात्र पुढे फारसे फुलले नाही, हेही खरे. शुल्झ यांच्या इतर मुलांना जे अवगुण लाभले, ते त्याच्या वाट्याला येऊ देण्याचे धाडस त्यांना झाले नाही.

मालिकेसाठी त्यांनी मदतनीस ठेवला नाही. अक्षरेही स्वतःच लिहिली. १९८१ च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर हाताला कंप सुटला, रेषा थरथरू लागली, तरी लेखणी दुसऱ्याकडे गेली नाही. पन्नास वर्षांत एकच मोठी रजा, पाच आठवड्यांची, १९९७ मध्ये. १९९३ साली चार्ली ब्राऊनने होमरन मारून एक सामना जिंकला, पण चेंडूला लाथ मारण्याचे त्याचे राहूनच गेले. २४ ऑक्टोबर १९९९ च्या भागात आईने हाक मारल्यामुळे ल्युसी चेंडू धाकट्या रीरनच्या हाती देऊन घरात जाते. मग काय झाले ते रीरन तिला सांगत नाही. वाचकांनाही कळत नाही.

पुढच्याच महिन्यात शुल्झ यांना आतड्याचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले, आणि डिसेंबरात त्यांनी निवृत्ती जाहीर केली. निरोपाच्या भागावर सही करताना, त्या बिचाऱ्या पोराला चेंडू कधी मारताच आला नाही, हे मनात येऊन त्यांचे डोळे भरून आले. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे त्यांचे निधन झाले. निरोपाचा तो भाग दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या अंकांत यायचा होता. तो ठरल्याप्रमाणे आला. आपल्यानंतर ही मुले दुसऱ्या कोणी काढू नयेत, ही त्यांची अट होती; त्यामुळे तेव्हापासून वृत्तपत्रांत जुनेच भाग पुन्हा छापले जातात.