हंटर आयोगापुढची चोवीस वर्षांची पंडिता

१८८२ साली विल्यम हंटर यांचा शिक्षण आयोग पुण्यात साक्षी नोंदवीत होता. साक्षीदारांत बहुतेक शाळा चालविणारे, अधिकारी आणि पुढारी. त्यांच्यात चोवीस वर्षांची एक विधवा होती. पतीच्या मृत्यूला वर्षही झाले नव्हते, पदरी दीडेक वर्षाची मुलगी होती आणि पुण्यात येऊन काही महिनेच लोटले होते. तिने साक्ष मराठीत दिली. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील वादळी प्रसंगांची चर्चा पुष्कळ होते. या साक्षीची मात्र त्या मानाने फारच थोडी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगांत गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना शास्त्रीपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. पुढे आईनेच मुलीला शिकविले. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे, रमा आणि श्रीनिवास, अनवाणी आणि बऱ्याचदा उपाशीपोटी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. त्या वेळी ती अवघी वीस वर्षांची होती. दोन वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तोही गेला.

पुण्यात येताच रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्यासारख्या घरंदाज स्त्रिया तेथे येऊ लागल्या. घरोघरी सासवा-नणंदांची बोलणी त्यांना खावी लागत. मुलींच्या शाळा पुण्याला नव्या नव्हत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून ते काम आरंभिले होते. पण उच्चवर्णीय घरांतील मोठ्या मुली आणि बालविधवा यांच्यापर्यंत शिक्षण पोहोचावे कसे, हा प्रश्न बाकी होता.

आयोगापुढे रमाबाई त्याच प्रश्नावर बोलल्या. शिक्षिका तयार करावयाच्या असतील तर त्यांना आधी स्वभाषेचे उत्तम ज्ञान हवे, शिकत असताना विद्यावेतन हवे आणि नोकरीत पुरुषांहून अधिक पगार हवा, असे त्यांनी मांडले. मुलींच्या शाळांवर स्त्री तपासनीस नेमाव्यात, कारण शिक्षिकेच्या बारीकशा चुकीचा डोंगर करण्यात पुरुष अधिकारी पटाईत असतात, हा त्यांचा अनुभवाचा बोल होता. सुशिक्षित म्हणविणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेक जण स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध असतात, हेही त्यांनी सुधारकांच्या गावात बसून ऐकविले. आणि शेवटी मागणी केली ती स्त्री डॉक्टरांची. पुरुष वैद्याला नाडी दाखविण्याच्या संकोचाने स्त्रिया जीव गमावीत होत्या. या मागण्यांतील व्यवहारज्ञान पाहिले की या बाईंनी शाळेच्या इमारतीत पाऊल टाकून कधी शिक्षण घेतले नव्हते, यावर विश्वास बसत नाही.

स्वतः वैद्यक शिकावे या इच्छेने, ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून भाडे उभे करून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यक राहून गेले. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडे गहजब झाला. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहून हिंदू विधवांच्या शाळेसाठी निधी जमविला.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची तरुण विधवा होती. हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याचे कळताच १८९३ मध्ये वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार म्हणता येणार नाही, शाळेला देणगी देणाऱ्यांपैकी अनेकांना धर्मांतर हवेच होते. तरीही सदनातून घरी परतलेल्या विधवांसाठी टीकाकारांपैकी किती जणांनी दुसरी शाळा काढली, हे विचारले पाहिजे. ते काम तीन वर्षांनी केले ते कर्व्यांनी.

रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणून त्यांनी केडगावला मुक्ती सदन वसविले. तेथे विणकाम, शेती, गोठा, छापखाना सारे स्त्रियाच चालवीत. कन्या मनोरमा आईच्या खांद्याला खांदा लावून काम करू लागली. निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यासही तिने मुलींची शाळा काढली. १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे केडगावच्या मुलींनीच जुळविले होते.